छताला भोक नको

मी भांडखोर आहे याबद्दल माझ्या सासरी आणि आमच्या हॉस्पिटलात एकमत होतं. सासरच्यांचं म्हणणं मला कधीच पटलं नाही. हॉस्पिटलवाल्यांचं मात्र खरं असावं, कारण तिथे मी एका भोकासाठी भांडत होते. व्हॅनच्या छताला पाडायचं, जुन्या रुपयाच्या नाण्याएवढं भोक. त्यासाठी मी जेवढी तोंडाची वाफ दवडली तेवढी पोरांच्या शाळाप्रवेशासाठीही दवडली नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. नाशिकच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी नर्स होते. हॉस्पिटलची एक पांढरी व्हॅन गोदावरीकाठच्या गावांना जायची, सायखेड्याला आणि तिथून पुढच्या वस्त्यांवर. गाडीत एक स्ट्रेचर, औषधांची पेटी, मी आणि ड्रायव्हर. ड्रायव्हरला सगळं हॉस्पिटल मामा म्हणायचं. ते सायखेड्याकडचेच, पन्नाशीला आलेले, गाडीवर लेकीसारखा जीव. गावागावांतून गरोदर बायका तपासायच्या, पोरांना लस टोचायची, अडलेलं कुणी असेल तर घेऊन नाशिकला यायचं, असं आमचं काम.

एकदा अशीच एक बाळंतीण आम्ही आणली. घरीच मोकळी झाली होती, पण रक्त थांबत नव्हतं. मामांनी गाडी हाकता येईल तेवढी हाकली. आम्ही पोचलो तेव्हा ऑपरेशन थिएटरला कुलूप होतं, भूल देणारे डॉक्टर जेवायला घरी गेले होते आणि रक्त आणायला माणूस सायकलवरून निघाला तो आम्ही आल्यावर. बाईनं व्हरांड्यातच प्राण सोडला. आमच्या डॉक्टरीणबाई तिच्या उशाशी उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "सिस्टर, अर्धा तास आधी कळलं असतं तर." मी त्यांच्यावरच ओरडले. कळवायचं कशानं? गावात फोन एकच, पोस्टातला. पोस्ट बंद. उघडं असलं तरी ट्रंक कॉल लावून बसायचं म्हणजे तेवढ्या वेळात नाशिकला चालत जाऊन यावं.

मग ट्रस्टला जाग आली. बैल गेला आणि झोपा केला, पण केला तरी. डॉक्टरीणबाईंनी हट्टच धरला की गाडीत वायरलेस हवा. परवान्याच्या कागदांनी दिल्लीच्या किती वाऱ्या केल्या देव जाणे, पण शेवटी दोन लहान सेट आले. सीबी म्हणत त्यांना. एक डॉक्टरीणबाईंच्या खोलीत, त्याची एरियल हॉस्पिटलच्या पाण्याच्या टाकीवर. दुसरा गाडीत. हातात धरायचा माइक, त्याला गुंडाळीची वायर, बटण दाबलं की बोलायचं आणि सोडलं की ऐकायचं. मला वाटलं, सुटलो. पुढच्या वेळी वाटेतूनच सांगता येईल की रक्त आणून ठेवा, कुलूप उघडा. सेट बसला, पण गाडीवरची एरियल कुठे बसवायची इथे घोडं पेंड खाऊ लागलं.

सेट जोडायला पुण्याहून एक इंजिनियर आले होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि सांगितलं, "छताच्या मधोमध भोक पाडा. तिथेच बसवा. एरियलच्या खाली चहूबाजूंनी सारखा पत्रा मिळाला की गाडीचं तोंड कुठेही असो, आवाज सगळीकडे सारखा जातो." मला विजेतलं ओ की ठो कळत नाही, पण एवढं सरळ बोलणं कळलं. मामांनाही कळलं. कळलं नाही ते शेठजींना.

शेठजी म्हणजे ट्रस्टचे अध्यक्ष. व्हॅन त्यांनी स्वतःच्या आईच्या स्मरणार्थ दिली होती. गाडीच्या कपाळावर आईचं नाव निळ्या अक्षरांत रंगवलेलं. माणूस वाईट नव्हता. दर महिन्याला येऊन गाडी पाहायचा, टायरांना हात लावून बघायचा. पण भोक म्हटल्यावर त्याचा चेहरा असा झाला की जणू आम्ही त्याच्या आईच्याच डोक्याला भोक पाडायला निघालो होतो.

"आईच्या नावाच्या गाडीला भोक?" ते म्हणाले. "आणि पावसात गळेल ते वेगळंच. रोग्याच्या अंगावर पाणी पडलं तर? दुसरी जागा शोधा."

इंजिनियर खांदे उडवून पुण्याला गेले. जाताना दुसऱ्या जागांबद्दल चार गोष्टी सांगून गेले आणि एक काळजी घ्यायला सांगून गेले. कुठेही बसवा, पण बसवाल तिथला रंग खरवडून काढा, लोखंडाला लोखंड भिडलं पाहिजे, नाहीतर एरियल नुसती काठी. ते वाक्य मी लक्षात ठेवलं. माझ्याखेरीज कुणी ठेवलं नाही.

आधी आणलं लोहचुंबक. ट्रस्टपैकी कुणाचा तरी पाहुणा परदेशातून येणार होता, त्याच्याकडून मागवलं. छतावर ठेवायचं, चिकटतं, भोक नको, काही नको. शेठजी खूश. पहिल्याच फेरीला सायखेड्याच्या अलीकडे रस्त्यावर बाभळीची फांदी आडवी आली. चुंबक छतावरून निसटलं आणि एरियल आपल्याच वायरीला लटकून गाडीमागे रस्त्यावर खडखडत निघाली. मागून सायकलवाले ओरडतायत, "ओ, काठी पडली तुमची!" मामांना वाटलं, स्ट्रेचरचा दांडा पडला. थांबून पाहिलं तर एरियलचा चांगला धनुष्यबाण झाला होता.

मग छताच्या कडेला, पाणी जायला पन्हाळी असते तिथे, चिमटा लावून झाला. तो बसला नेमका मागच्या दाराच्या वर. दार उघडलं की चिमट्याला अडायचं. स्ट्रेचर बाहेर काढायचं तर आधी एरियल काढायची, आणि एरियल काढली की बोलायचं कशावरून? मी ते ट्रस्टच्या सभेत सांगितलं तर तिथले चिटणीस म्हणाले, "मग सिस्टर, आधी बोलून घ्यायचं." मी हात टेकले.

बॉनेटच्या कोपऱ्यावर लावायची सूचना मामांनी मोडून काढली. एक तर समोरचा रस्ता दिसत नाही, दुसरं म्हणजे रोज सकाळी ते तिथे उदबत्ती ओवाळत. "तिथं काय नाय ठोकायचं ताई. ती जागा देवाची हाय."

तर उरला मागचा बंपर. डाव्या कोपऱ्यावर जाड पट्टीचा कोन, त्यावर स्प्रिंग आणि स्प्रिंगवर उंच एरियल. नाकापेक्षा मोती जड. मी मामांना बंपरचा रंग कानशीनं घासून काढायला लावला आणि खाली पांढरं लोखंड दिसेपर्यंत तिथून हलले नाही. एरियल कसून बसवली. बोलून पाहिलं. चाललं! सायखेड्याहून डॉक्टरीणबाईंचा आवाज ऐकून मामांनी टोपी काढून माइकला नमस्कार केला.

पण बंपरची एक खोड निघाली. एरियल मागच्या कोपऱ्यात आणि सगळा पत्रा तिच्या पुढे, त्यामुळे आवाज गाडीच्या तोंडाच्या दिशेनं चांगला जायचा आणि बाकीच्या दिशांनी मरतुकडा. म्हणजे नाशिकशी बोलायचं तर गाडीचं तोंड नाशिककडे हवं. खेड्यातल्या गल्लीत व्हॅन फिरवणं काय असतं ते फिरवणाऱ्याला विचारा. एकीकडे उकिरडा, एकीकडे कुणाची तरी म्हैस, मध्ये पाणी भरायला निघालेल्या बाया. मामा पुढे-मागे, पुढे-मागे करत घामाघूम व्हायचे. गाव जमायचं. एका आजोबांनी विचारलं, "काय हो, ही गाडी रोज नाशिकला रामराम घालती का?" मी म्हटलं, "हो बाबा, शेठजींचा हुकूम आहे." शिवाय त्या म्हशींना एरियलची स्प्रिंग अंग खाजवायला फार आवडायची. आम्ही दवाखाना लावून बसलो की बाहेर गाडी डुलायची.

दर सभेला मी विषय काढायचे. छताला भोक. दर सभेला शेठजी म्हणायचे, "सिस्टर, चाललंय ना? मग?" आणि चाललं होतं, हीच तर माझी अडचण होती. जेमतेम चालणाऱ्या गोष्टीविरुद्ध भांडणं सगळ्यांत अवघड. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तू त्या भोकात पडशील एक दिवस." मला हसू आलं नाही. मला ती व्हरांड्यातली बाई दिसायची. तिच्या हिरव्या बांगड्या मीच उतरवल्या होत्या.

दसरा आला. दसऱ्याला माझी रजा ठरलेली असे. आमच्या वसाहतीतल्या विहारात धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम असायचा, आदल्या दिवसापासून बायकांची लगबग, पांढऱ्या साड्या, खिरीची पातेली. इकडे हॉस्पिटलात खंडेनवमीला मामांचा सण. ज्याचं जे हत्यार त्याची त्या दिवशी पूजा, आणि मामांचं हत्यार म्हणजे व्हॅन. ती धुवायची, रंगवायची, हार घालायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचं. दरवर्षीचंच होतं. रजा संपवून मी आले तर गाडी नव्या नवरीसारखी. बंपर लालभडक, एरियलला झेंडूची माळ तारेनं बांधलेली. मामांनी पेढा दिला, मी खाल्ला आणि म्हटलं, "मामा, झकास." सकाळी नेहमीप्रमाणे आवारातच सेट लावून पाहिला. डॉक्टरीणबाई वरच्या मजल्यावरून म्हणाल्या, ऐकू येतंय. आता आवारातून वरच्या मजल्यावर काय, नुसती हाक मारली तरी ऐकू येतं. पण ते तेव्हा सुचलं नाही.

त्यानंतर लवकरच आम्ही सायखेड्याच्या पुढे एका गावात दवाखाना लावला होता. दुपारची वेळ. एक म्हातारी धावत आली. तिची सून घरी बाळंत झाली होती. मुलगी झाली, वार पडली, पण रक्त थांबेना. मी जाऊन पाहिलं. सगळं त्या व्हरांड्यातल्या बाईसारखंच. तोच रंग चेहऱ्याचा, तेच ओठ. पोरगी आमच्याकडे गरोदरपणात तपासलेली होती, तिचा रक्तगट मला ठाऊक होता. तिला गाडीत घेतलं, इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, बाटली म्हातारीच्या हातात धरायला दिली. तान्ही म्हातारीच्या मांडीवर, पदरात गुंडाळलेली. माझा एक हात पोरीच्या ओटीपोटावर घट्ट दाबलेला, तो उचलायची सोय नव्हती. दुसऱ्या हातात माइक.

"मामा, गाडी फिरवा नाशिककडे!"

त्यांनी फिरवली. मी बटण दाबलं, हाक मारली, सोडलं. खरखर. पुन्हा हाक. खरखर. एक शब्द नाही.

"माळ काढा ती!" मी ओरडले. मामांनी उतरून झेंडूची माळ तोडून फेकली. खरखर. "जरा पुढे मोकळ्यात घ्या!" घेतली. खरखर. म्हातारी म्हणाली, "बाय, काय बोलतंया का ते?" मी मान वळवली. मागच्या उघड्या दारातून मला बंपरचा कोपरा दिसत होता. लाल. आणि कोनाच्या आतली कडसुद्धा लाल.

"मामा, रंग देताना हे खोललं होतं?"

"व्हय तर!" मामा म्हणाले, आणि तशा घाईतसुद्धा त्यांच्या आवाजात कौतुक होतं. "पुरा बंपर काढून दोन हात दिले. आतूनबी. आन ते खडखडतं म्हून ट्यूब कापून रबराचे वॉशर घातले. लय चोख काम हाय ताई."

मला त्या माणसाचा गळा धरावासा वाटला, आणि त्याच क्षणी शेठजींचा, चिटणीसांचा, सगळ्या सभेचा. एवढ्या मायेनं कुणी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला नसेल. लोखंडाला लोखंड भिडायचं, तर मामांनी मध्ये रंगाचे दोन हात आणि रबर घातलं होतं. एरियलची झाली होती काठी.

आता निघावं तर मागच्यासारखंच कुलूप, मागच्यासारखाच व्हरांडा. थांबावं तर तिचं रक्त थांबत नव्हतं. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती.

"खोला ते," मी म्हटलं. "रबर फेका. खरवडा. पांढरं लोखंड दिसू द्या. जल्दी!"

मामांनी पान्हा घेतला. मी आत पोट दाबून बसलेली, बाहेर कानस करकरतेय. मी शिव्या देत होते, खरंच देत होते, म्हातारीसमोर, तान्ह्या पोरीसमोर. मामा मान खाली घालून घासत होते. ते रडत होते हे मला त्यांनी वर पाहिलं तेव्हा कळलं. घाम समजून मी आधी लक्ष दिलं नव्हतं. त्यांच्या हातावर लाल रंग होता, माझ्या हातावर रक्त. त्यांनी कोन पुन्हा कसला आणि म्हणाले, "बोला ताई."

मी बटण दाबलं. सोडलं.

"ऐकतेय सिस्टर, बोला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी रक्तगट सांगितला, सगळं सांगितलं. त्या दोनच शब्द म्हणाल्या, "आणा तिला." मामांनी गाडी अशी सोडली की सायखेड्याचा पूल कधी गेला कळलं नाही. हॉस्पिटलच्या फाटकात डॉक्टरीणबाई अॅप्रन घालून उभ्या होत्या. थिएटरचा दिवा लागलेला होता, भूल देणारे डॉक्टर हात धूत होते, रक्ताची बाटली टांगलेली होती. ती पोरगी वाचली. लेकीला घेऊन स्वतःच्या पायांनी पायऱ्या उतरून घरी गेली.

पुढची सभा भरली. डॉक्टरीणबाईंनी सगळी हकीकत सांगितली. शेठजींच्या डोळ्यांत पाणी आलं. रुमालानं डोळे टिपून ते म्हणाले, "बघा सिस्टर, बंपरवरूनच झालं ना काम? तुम्ही उगीच त्या भोकाचा हट्ट धरून बसला होतात."

सगळ्यांनी माना हलवल्या.

मी उभी राहिले. म्हटलं, "शेठजी, मामा रंग खरवडत होते तेवढा वेळ मी तिचं पोट दाबून बसले होते. रक्त स्ट्रेचरवरून खाली फळीवर येत होतं. एरियल छतात पक्की बसवलेली असती तर रंगासाठी ती कुणी खोललीच नसती आणि तो वेळ तिला मिळाला असता. नशीब म्हणून वाचली. दर वेळी नशीब गाडीत बसून येणार आहे का?" मग चिटणीसांनी घसा साफ केला आणि विषय पुढच्या सभेत घेऊ म्हणाले. मी दार आपटून बाहेर आले. मामा गाडीच्या चाकाला टेकून बसले होते. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मान वर करून छताकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी कामावर आले तर व्हॅन फाटकात उभी आणि एरियल छताच्या मधोमध ताठ. मामा शिडी उतरत होते.

"कुणाला विचारलंत?" मी म्हटलं.

"कुनाला नाय." ते म्हणाले. "शेठच्या आईला नमस्कार केला आन पाडलं. नोकरी गेली तर गेली. माज्या हातानं झालं व्हतं, माज्या हातानं निस्तरलं."

शेठजी महिन्याच्या फेरीला आले. टायरांना हात लावून झाला. मग त्यांनी वर पाहिलं. आम्ही दोघं अपराध्यासारखे उभे. त्यांची नजर एरियलवरून खाली आईच्या नावावर आली, तिथे थोडी थांबली. मग त्यांनी मला एवढंच विचारलं, "गळत नाही ना?"

"नाही, शेठजी," मी म्हटलं.

पावसाळ्यात ते गळलं. मामांनी या वेळी लोखंडाला लोखंड भिडवून मग भोवतीनं रबर बसवलं होतं, वर डांबर फासलं होतं, तरी गळलं. थेंब पडायचा बरोबर स्ट्रेचरच्या कडेला, बाईचं डोकं असतं तिथे. मी माझं स्टूल सरकवून त्या थेंबाखाली घेतलं आणि तिथे बसून माइकवर बोलायला लागले. सगळ्या हॉस्पिटलशी भांडणारी मी त्या गळतीबद्दल एका अक्षरानं बोलले नाही. शेठजी दर महिन्याला विचारायचे, आणि ओल्या केसांनी मी दर महिन्याला सांगायचे, "नाही, शेठजी. थेंबसुद्धा नाही."